काचघराच्या दोन झडपा

माझं काम बसण्यापासून सुरू होतं. ज्या बंगल्याला काचेची खोली जोडायची असेल तिथं मी उजाडता गोणपाट घेऊन जातो, जागेवर अंथरतो आणि दिवस मावळेपर्यंत बसून राहतो. हातात हत्यार नाही, काही नाही. मालक दोनदा डोकावतात. तिसऱ्यांदा विचारतात, "आबा, काम कधी सुरू करणार?" मी म्हणतो, "चालूच हाये की." मग ते आत जाऊन बायकोला हळू आवाजात काहीतरी सांगतात. सांगू देत. ऊन कुठून येतं, कुठं रेंगाळतं, कुठल्या झाडाआड जातं, हे उन्हाच्या शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. दुपारी कधी माझा डोळाही लागतो. तेही कामातच धरायचं. ज्या जागी मला झोप लागते तिथं मी खुर्ची ठेवायला सांगतो.

मी मळवलीचा सुतार, गेनबा. शाळा तिसरीपर्यंत, तीसुद्धा ओढ्याला पाणी नसेल त्या दिवशीची. हे सगळं स्वतः लिहितोय. नात म्हणाली, "आबा, मी शुद्धलेखन तपासते." नको म्हटलं. तिनं तपासलं की ते तिचं होईल. दिवाळी अंकवाले बघून घेतील.

काचघर म्हणजे बंगल्याच्या अंगाला जोडलेली खोली. दोन-तीन बाजूंना काच, कधी वरही काच. आत कुंड्या, खुर्च्या, चहाचं टेबल. पावसात बसायचं आणि भिजायचं नाही, असा बेत असतो. बेत चांगला आहे. पण आमच्या मावळात वर्षातले चार महिने ढग घरात राहायला येतात. आधी काचेला बाहेरून टेकतात. मग काचेला आतून घाम सुटतो. मग गादीवर हिरवी लव उगवते. आणि वैशाखात त्याच खोलीत पापड वाळत घालावेत इतकी ती तापते. त्यामुळे पुण्या-मुंबईची माणसं हौसेनं काचघर बांधतात, पहिल्या दिवाळीला पाहुण्यांना दाखवतात आणि दुसऱ्या दिवाळीला तिथं सायकली ठेवतात. मला बोलावणं येतं ते बहुतेक सायकली ठेवल्यावर.

माझ्या जोडीला कामशेतचा इब्राहिमभाई. मी चौकट करतो, तो काच कापतो. काच कापायचा हिरा पेन्सिलीएवढा असतो. त्यानं काचेवर एकदा रेघ ओढली की तीच रेघ, दुसऱ्यांदा हात लावणार नाही. मी लाकूड चारदा मापतो आणि मग कापतो. तो हसतो. "गेनबा, तुझा तुझ्या हातावर इस्वास न्हाई." मी म्हणतो, "माझा हाये. लाकडावर न्हाई." पस्तीस वर्षं हेच बोलणं चाललंय आणि अजून आम्हाला त्याचा कंटाळा आलेला नाही.

गिऱ्हाइकं एकेक नग. लोणावळ्यात एकानं चारी भिंती आणि वरचं छत, सगळं काचेचं करून घेतलं. मी नको म्हणत होतो. एप्रिलमध्ये त्यानं चारी बाजूंना जाड पडदे लावले, वर ताडपत्री टाकली आणि आत दिवा लावून बसला. इब्राहिमभाई त्याला म्हणाला, "सायेब, भिंत सस्त पडली असती." एका बाईंनी चाळीस पांढऱ्या उशा मांडल्या. गणपतीपर्यंत सगळ्या उशांना मिशा फुटल्या. एकाला आत मशीनचा धबधबा पाहिजे होता. समोर डोंगरावर खराखुरा कोसळत होता, पण त्याला बटण नव्हतं.

आता ऊब कशी आणायची ते सांगतो. पश्चिमेला सगळी काच घेऊ नका, दरी कितीही सुंदर असली तरी. पावसाचा मारा तिकडूनच. तिथं कमरेएवढी विटांची भिंत घ्या आणि वर काच. माणसाच्या पाठीला भिंत लागते. पाठ उघडी असली की तो नुसता टेकतो, बसत नाही. खाली चकचकीत फरशी नको, भाजलेल्या मातीच्या लाद्या घाला. त्या दिवसभर ऊन पितात आणि संध्याकाळी तळपायांना परत देतात. दिवा छताला नको, गुडघ्याएवढ्या उंचीवर पाहिजे, पिवळा. आणि दाराशी गवती चहाची कुंडी अशी ठेवा की आत जाताना पातं अंगाला घासलं पाहिजे. वास आधी आत जातो, माणूस मागून.

एवढं सगळं मला येत होतं. तरी एक खोली चुकली, आणि तीच माझ्या हातची सगळ्यात देखणी खोली.

मळवली स्टेशनावरून लोहगडाकडे जाताना चढावर एक बैठा बंगला आहे. तिथं एक साहेब आणि बाई राहायचे. साहेबांनी पिंपरीकडे एका कारखान्यात जन्मभर यंत्रांचे नकाशे काढले होते, आणि नोकरी संपल्यावर दोघं कायमचे इकडं आले. मुलगा बंगळूरला. साहेबांना नाद बियांचा. कुठल्या वाडीवर गेले की तिथल्या म्हातारीशी गप्पा मारायचे आणि येताना मूठभर बी घेऊन यायचे. घेवडा, काळा वाल, डांगर, दोडका. औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत ते बी भरायचं आणि वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहायचं. पावसात बाहेर रोप कुजतं, म्हणून काचघरात रोपं धरायची, आणि बाईंनी तिथं बसून विसापूर बघत चहा घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

चौकटीच्या कागदावर त्यांनी नकाशा काढला. असा नकाशा मी आयुष्यात पाहिला नव्हता. खिळासुद्धा दाखवलेला. मी गोणपाटावर बसलो होतो, ते येऊन शेजारीच मांडी घालून बसले. असा मालक मला दुसरा भेटला नाही. आम्ही दोघं दिवसभर उन्हाबरोबर सरकत राहिलो.

नकाशात दोन चौकोनी खुणा होत्या. एक पूर्वेच्या काचेत अगदी वर, दुसरी ओसरीकडच्या भिंतीत अगदी जमिनीलगत.

"ह्ये काय?" मी विचारलं.

"झडपा. खालून गार वारा आत येईल, वरून दमट हवा बाहेर जाईल. खोलीनं श्वास घ्यायला नको का?"

"सायेब, झडप म्हंजी पावसाला आवतण. मी क्येलेल्या खोलीत पान्याचा थेंब आला तर हत्यारं वड्यात टाकीन."

"येऊ दे की रे एखादा थेंब."

"मंग दुसरा सुतार बगा."

असं म्हणून मी खरंच पटाशी, रंधा, सगळं पिशवीत भरायला घेतलं. माझा स्वभाव तसा आहे, आणि आता तो बदलायचं वय नाही. साहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मग हसले आणि म्हणाले, "बरं, तुझं खरं."

त्यांचं हे ठरलेलं वाक्य होतं. वाद घालून दमले की ते म्हणायचे. मला वाटायचं, मी जिंकलो.

सागाच्या चौकटी झाल्या. काच बसायची राहिली होती, तेवढ्यात साहेब गेले. वैशाखातल्या दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. तेराव्यानंतर बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "गेनबाभाऊ, अर्धी नका ठेवू. त्यांनी काढलीय तशी पुरी करा." मी पुरी केली. दोन झडपा सोडून.

काय खोली झाली ती! प्रत्येक सांधा रबर आणि सिलिकॉननं बंद केला. दाराच्या कडेलासुद्धा रबर. पाऊस लागला, आठ दिवस आडवा-तिडवा मारा झाला, आत एक थेंब नाही. मी स्टेशनापासून दुकानापर्यंत सगळ्यांना सांगत सुटलो. धुकं आलं की खोली जमिनीपासून सुटायची. अंगण नाही, झाड नाही, डोंगर नाही. पांढऱ्यात आपण एकटेच तरंगतोय. खालून गाडीची शीळ यायची, तीसुद्धा वरून आल्यासारखी. अशा वेळी मी मध्ये उभा राहायचो आणि मला वाटायचं, हे मी केलं.

पण बाई आत बसेनात.

त्या उंबऱ्यापर्यंत यायच्या. दाराच्या चौकटीवर हात ठेवायच्या. "छान झालीय हो," म्हणायच्या आणि परत स्वयंपाकघरात जाऊन खिडकी नसलेल्या बाजूला स्टुलावर बसायच्या. मी रोज काही ना काही निमित्त काढून जात होतो. मातीच्या लाद्या घातल्या, पिवळा दिवा लावला, गवती चहाची कुंडी ठेवली. वेताच्या पांढऱ्या खुर्च्या होत्या, त्या फिरवून फिरवून ठेवल्या. काचांना मात्र आतून घाम. खुर्चीवर हात ठेवला की तळवा ओला. विसापूर काचेत असून दिसायचा नाही.

एक दिवस बाई म्हणाल्या, "गेनबाभाऊ, वाईट वाटून घेऊ नका. मुलगा दसऱ्याला येतोय. ही खोली काढून टाकायची आणि बंगला बंद करायचा म्हणतो. मी जाईन त्याच्याकडे."

"का पन?"

"आत गेलं की गार वाटतं."

"येकटं वाटत आसंल बाई."

"एकटी तर मी घरभर आहेच हो. तिथं गारच वाटतं."

माझी खोली काढणार! घाव माझ्या वर्मी बसला होता. साहेबांसाठी दुखलं की माझ्यासाठी, तेव्हा मला सांगता आलं नसतं. आज सांगतो, निम्मं-निम्मं होतं. ओसरीवर इब्राहिमभाई काचेचे तुकडे गोळा करत होता. त्याच्यासमोर मी म्हणालो, "ह्या खोलीत बसून बाई च्या पित न्हाईत, तवर मीबी च्या घेनार न्हाई."

"गेनबा, आखाड चालूय," इब्राहिमभाई म्हणाला. "दुसरं कायतरी सोड. इडी सोड."

"इडी मी वडत न्हाई."

"मंग आदी वडायला लाग आनि मंग सोड. च्याचं नाव काडू नगंस."

पण शब्द तोंडातून गेला होता. घरी आल्यावर हौसानं, माझ्या बायकोनं, कपबशी पुढं केली. मी हात आडवा केला. तिनं कारण ऐकलं आणि कपातला चहा स्वतः पिऊन टाकला. "आदीच आखाडाचा पाऊस, त्यात ह्यांच्या नवसाची भर," म्हणाली. "च्याबिगर तुमी म्हंजी मारका बैल. आता कुटं बांदू तुमास्नी?"

आता माझी चूक सांगतो. सांगायला जीभ जड होते, पण न सांगता बाकीचं खोटं ठरेल.

आम्ही कौलाच्या घरात वाढलेली माणसं. आमच्या घरात चूल पेटते, शेगडी पेटते, ओल्या पावसात पोरं शेगडीभोवती कोंडाळं करून झोपतात आणि कुणाला काही होत नाही. कारण कौलाकौलांत फट असते, भिंत आणि छपरात वीतभर मोकळं असतं. धूर आपली वाट आपण काढतो. त्याच्यासाठी कुणी झडप केली नाही, म्हणून झडप असते हेच आम्हाला माहीत नाही. गार वाटतंय तर शेगडी ठेवा, एवढं सोपं.

श्रावणातल्या दुपारी मी लोखंडी शेगडी लालबुंद कोळशानं भरली आणि काचघराच्या कोपऱ्यात ठेवली. दार लावून घेतलं. तासाभरानं काचा कोरड्या झाल्या. लाद्या कोमट झाल्या. मी बाईंना हाताला धरून आणलं म्हटलं तरी चालेल. "आज या. आज बगा कसं वाटतंय." त्या आल्या. खुर्चीवर टेकल्या. "अरे वा," म्हणाल्या. मी त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दार घट्ट लावून ओसरीवर येऊन उभा राहिलो.

काचेतून बघत होतो. बाहेर धुकं, आत लाल निखारा, पांढरी खुर्ची आणि तीत बाई बसलेल्या. बसल्या होत्या! जरा वेळानं त्यांनी मान मागे टेकवली. डोळे मिटले. मला वाटलं, ऊब लागली, डोळा लागला. मी तिथं उभा राहून हसत होतो. फार वेळ झाला नसेल. आयुष्यात असं समाधान मला क्वचित मिळालं असेल.

मागून इब्राहिमभाई आला. त्यानं काचेतून एकदाच बघितलं. "आरं कप बग तिचा, कप!"

बाईंच्या हातातला कप कलला होता आणि गरम चहा त्यांच्या पायावर सांडत होता, तरी त्या हलत नव्हत्या.

त्यानं दार ओढलं. मी आणि तो, दोघांनी बाईंना खुर्चीसकट उचलून अंगणात आणलं, पावसात. आत गेलो तेवढ्यात माझंही डोकं गरगरलं. तोंडावर पाणी पडल्यावर बाईंनी डोळे उघडले, उलटी केली आणि विचारलं, "मी झोपले होते का?"

कामशेतहून डॉक्टर आले. तपासून झाल्यावर मला बाजूला घेतलं. "बंद खोलीत कोळसा? आणखी थोडा वेळ गेला असता म्हणजे?" तो पोरगेलासा डॉक्टर, माझ्या नातवाच्या वयाचा. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. उलट बोललो नाही. हे वाक्य माझ्याबद्दल गावात कुणाला सांगितलं तर पटणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाईंपुढं जाऊन उभा राहिलो. त्या खाटेवर बसल्या होत्या, पायाला मलम लावलेलं. म्हटलं, "बाई, खोली पाडायला दसऱ्याची वाट नगं बगायला. मीच पाडतो. माजी हाये, मीच पाडतो."

त्या उठल्या, कपाटातून साहेबांचा नकाशा काढला आणि माझ्यापुढं ठेवला. "पाडायची तर हा बघून पाडा. त्यांचं सगळं मापात असायचं."

मी उघडला. झडपांच्या दोन खुणा होत्या तशाच होत्या, खोडल्या नव्हत्या. पण वरच्या खुणेच्या कडेला त्यांच्या बारीक पेन्सिलीच्या अक्षरात लिहिलेलं होतं. मला बारीक अक्षर लागायला वेळ लागतो. खिडकीशी नेऊन वाचलं.

"गेनबा नको म्हणतो. पावसाळा झाला की परत विचारणे."

मी ते दोनदा वाचलं. मग नकाशाची घडी घातली आणि म्हणालो, "मला चार दिस द्या."

बसवलेली काच जागेवर कापता येत नाही, उतरवावी लागते. भर पावसात पूर्वेची काच उतरवली, तोवर ताडपत्री बांधली. इब्राहिमभाईनं ओसरीवर काच आडवी टाकली, हिरा टेकवला आणि थांबला. मला म्हणाला, "मापलंस?" म्हटलं, "सायेबांनी मापलंय." त्यानं एक रेघ ओढली. वरची झडप सागाची केली, दोन बिजागऱ्यांवर, खालून दोरी ओढली की उघडणारी. पाऊस येऊ नये म्हणून तिच्यावर आमच्या घराच्या वळचणीसारखं हातभर पाखं काढलं. एवढी साधी गोष्ट. पाऊस बाहेर आणि वारा आत, हे आमच्या घरावर जन्मभर डोक्यावर होतं आणि मला दिसलं नव्हतं. खालची झडप ओसरीकडच्या भिंतीत जमिनीलगत, साहेबांनी दाखवली तिथंच.

दोरी ओढली. जरा वेळ काही झालं नाही. मग पायाला गार वाऱ्याची झुळूक लागली, मांजर अंगावरून जावं तशी. वरून दमट हवा निघायला लागली. दुपारपर्यंत काचांचा घाम वरून खाली उतरत उतरत गेला, आणि विसापूर कुणीतरी हळूच पुसून ठेवल्यासारखा समोर आला. लाद्यांवर फिकट ऊन पडलं होतं. मी गोणपाट अंथरलं आणि बसलो. झोप लागली.

पण बाई येईनात. आता तर त्यांना भीती बसली होती. बरोबरच होतं. खोली चांगली झाली हे मी कुठल्या तोंडानं सांगणार?

भादवा निम्मा सरला. आमची भाताची आवणी, म्हणजे लावणी, कधीच उरकली होती, तण काढायची बेणणीही झाली होती. हौसा बाईंना बघायला निघाली, डब्यात तांदळाची पेज घेऊन. मी दोरीला गाठ मारत काचघरात होतो. स्वयंपाकघरातून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. मग हौसाचा मोठा आवाज आला. "आगं बया, बाई, ह्ये बी कुबट व्हायलंय की!"

फळीवर साहेबांच्या बाटल्या होत्या, पाऊणशे तरी असतील. टोपणं गंजलेली, आत ओल शिरलेली. पेन्सिलीची अक्षरं पुसट झालेली. बाईंनी साहेब गेल्यापासून त्यांना हात लावला नव्हता.

हौसा दोन सुपं आणि बाटल्यांनी भरलेली पाटी घेऊन काचघरात आली. मला म्हणाली, "सरका." पांढऱ्या खुर्च्या भिंतीला सारल्या, माझं गोणपाट मधोमध ओढलं, वर घोंगडी टाकली आणि मांडी घालून बसली. सुपात पहिली बाटली ओतली. लाल टपोरा घेवडा. आंधळ्यानं हात लावून ओळखावा असा.

"बाई," तिनं आतल्या दिशेनं हाक मारली, "ह्यो घेवडा हाये का पावटा?"

मी म्हणालो, "आगं, घेवडा हाय त्यो..."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की माझं तोंड मिटलं. हौसा सहा वर्षांची असल्यापासून बी निवडतेय.

"घेवडा असेल," बाईंचा आवाज आतून आला. "लाल आहे का?"

"लालबी हाये आन काळंबी दिसतंय. माजी नजर गेली बाई." दुसरी बाटली ओतली. "आन ह्ये डांगराचं का दुदीचं?"

"चपटं आहे का?"

"चपटंबी हाये आन न्हाईबी."

मी ओठ दाबून बाहेर बघत बसलो. तिसऱ्या बाटलीला आतून पावलं आली. बाई उंबऱ्यावर थांबल्या, नेहमीसारख्या. हात चौकटीवर. वरच्या झडपेकडे बघितलं, मग खालच्या. गवती चहाची पात त्यांच्या पदराला लागली होती.

हौसानं मान वर केली नाही. दोन बिया तळहातावर घेऊन हात नुसता मागं केला. बघायचं तर वाकायला पाहिजे, वाकायचं तर आत यायला पाहिजे.

बाई आत आल्या. वाकल्या. मग पाय दुमडून घोंगडीवर बसल्या.

"हौसाबाई, हा काळा वाल. हा पवनेकडच्या एका आजींनी दिला होता. त्या द्यायला तयार नव्हत्या, हे दोन तास त्यांच्या ओट्यावर बसून राहिले."

"बसनारच," मी म्हणालो.

मग दुसरी बाटली, तिसरी, दहावी. कुठलं बी कुठल्या वाडीचं, कुणी हसत दिलं, कुणी चिडून दिलं, कुठं कुत्रं मागं लागलं. हौसा पाखडत होती, बाई सांगत होत्या आणि कागदाच्या चिटोऱ्यांवर नावं लिहीत होत्या. बाहेर धुकं आलं. अंगण गेलं, आंबा गेला, डोंगर गेला. खोली तरंगायला लागली, पण या वेळी तिच्यात माणसं होती. सुपातल्या बियांचा बारीक आवाज येत होता. मी खूप वर्षं काचघरं केली, पण आत हाताला काम ठेवावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडं नुसतं बसायला कुणी बसत नाही. मी तरी कुठं नुसता बसतो?

किती वेळानं बाई उठल्या आणि किटली घेऊन आल्या. तीन कप. एक हौसाला दिला. एक माझ्यापुढं ठेवला. तिसरा स्वतःच्या हातात धरून परत घोंगडीवर बसल्या, भिंतीला पाठ टेकून. मी माझ्या कपाकडं बघितलं नाही. त्यांच्याकडंच बघत होतो. मागच्या वेळी असंच बघत उभा होतो, म्हणून या वेळी त्यांच्या हातातल्या कपावरून नजर हलवली नाही.

त्यांनी फुंकर मारली. एक घोट घेतला. मग दुसरा.

"दोन म्हयनं आन बारा दिस," हौसा सुपातून मान न काढता म्हणाली. "प्या आता. माजी सुटका करा."

"म्हणजे?" बाईंनी विचारलं. हौसानं सगळं सांगून टाकलं. बाई आधी हसल्या, मग पदरानं डोळे पुसले, मग परत हसल्या. मी चहा घेतला. साखर घालायची त्या विसरल्या होत्या. मी सांगितलं नाही.

दसऱ्याला मुलगा आला आणि त्या खोलीत चार दिवस बसून गेला. बाई इथंच आहेत. आता आसपासच्या वाड्यांतल्या बाया बी द्यायला आणि न्यायला येतात. पांढऱ्या खुर्च्यांवर अजूनही कुणी बसत नाही.

मी दरवर्षी भादव्यात जातो. वरची झडप दोरी ओढली की किरकिरते. सुताराच्या हातच्या बिजागरीनं आवाज करणं म्हणजे लाजच. इब्राहिमभाई दर खेपेला टोमणा मारतो. बाई म्हणतात, "गेनबाभाऊ, तेल घालून जा हो जरा." मी व्हय म्हणतो, शिडी लावतो, वर चढतो, बिजागरी पुसतो आणि तेलाची बाटली तशीच खिशात घेऊन उतरतो. खाली येऊन दोरी ओढतो. झडप किरकिरते, वारा पायाशी येतो, आणि मी वर बघून म्हणतो, "बरं सायेब, तुमचं खरं."